टायरला लाथ मारून हवा कळत नाही

ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये हवा किती ठेवायची असं विचारलं की कुणी बारा सांगतो, कुणी वीस, आणि बहुतेक जण सांगण्याआधी टायरला एक लाथ मारून बघतात. लाथेने फार तर टायर अगदीच बसलाय का एवढं कळेल. मोठ्या टायरमध्ये हवेचा दाब मुळातच कमी असतो आणि रबर जाड असतं, त्यामुळे दहा पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, बोलताना ज्याला पौंड म्हणतात) आणि वीस पीएसआय यांतला फरक पायाला लागत नाही. टायरला मात्र तो दुपटीचा फरक असतो.

माझा ट्रॅक्टर टू व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाचा जोर फक्त मागच्या चाकांना. मागे १३.६-२८ मापाचे टायर, पुढे ६.००-१६. जुना घेतलेला, म्हणजे टायरमध्ये काय भरलंय, कधी भरलंय, ट्यूब कितीदा बदलली याचा हिशेब सोबत आलेला नाही. पेरणीआधी टायरचं काम एकदा मुळापासून करायचं डोक्यात होतंच. त्यात मागच्या डाव्या चाकाचा वॉल, म्हणजे हवा भरायची नळी, तिरपा झालेला दिसला आणि काम पुढे ढकलायची सोय राहिली नाही.

तिरपा वॉल ही दुर्लक्ष करायची गोष्ट नाही. नांगर ओढताना सगळा जोर रिमकडून टायरच्या आतल्या कडेला, म्हणजे बीडला जातो. हवा कमी असली की बीड रिमवर घट्ट बसत नाही. जोर आला की रिम टायरच्या आत किंचित फिरते, टायर मागे राहतो, ट्यूबही टायरबरोबर मागे राहते, आणि वॉल मात्र रिमच्या भोकात अडकलेला असतो. मग वॉलच्या बुडाशी रबर ताणत जातं आणि एक दिवस नेमकं तिथेच फाटतं. त्या जागी ठिगळ टिकत नाही, ट्यूबच बदलावी लागते. टायर अजून सरकतोय का हे बघायला मी रिम आणि टायर दोन्हींवरून जाणारी खडूची एक सरळ रेघ मारली आणि थोडा वेळ नांगर चालवला. थांबून पाहिलं तर रेघेचे दोन तुकडे झालेले, रिमवरचा पुढे आणि टायरवरचा त्याच्या बोटभर मागे. तपासणीला याहून स्वस्त साधन नाही. आता दर हंगामाच्या सुरुवातीला चारही चाकांवर ही रेघ असतेच.

चाक उघडावं लागणार हे नक्की झालं. पण उघडून, नवी ट्यूब टाकून, पुन्हा अंदाजपंचे हवा भरली तर नव्या ट्यूबचंही तेच होणार. म्हणून आधी हवा किती हवी ते ठरवायला बसलो, आणि त्यासाठी टायरच्या भिंतीवर काय लिहिलंय ते चिखल धुऊन नीट वाचलं. १३.६ ही टायरची रुंदी इंचांत, २८ हा रिमचा व्यास इंचांत, आणि मधली आडवी रेघ म्हणजे टायर साध्या तिरप्या थरांचा, बायस. तिथे रेघेऐवजी आर असता तर तो रेडियल, म्हणजे सरळ आडव्या थरांचा, झाला असता. पुढे १२ पीआर लिहिलंय, म्हणजे टायरची ताकद बारा थरांच्या जुन्या हिशेबाची. आत खरोखर बारा थर असतात असं नाही, थरांतला दोरा पूर्वीपेक्षा मजबूत झाल्याने थर कमी लागतात. ए६ किंवा ए८ अशी अक्षरं दिसली तर ती वेगाची मर्यादा: ए६ म्हणजे ताशी ३० किलोमीटर, ए८ म्हणजे ४०. आणि चार आकड्यांचा एक छोटा शिक्का असतो, त्यातले पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. ३११७ असेल तर टायर २०१७ सालच्या एकतिसाव्या आठवड्यात बनलेला. जुना ट्रॅक्टर किंवा जुनी ट्रॉली घेताना मी आता इंजिनच्या आवाजाआधी हा शिक्का शोधतो. नक्षी शिल्लक असलेला पण भिंतीला बारीक तडे गेलेला टायर दिसायला छान दिसतो, चालायला नाही.

मग मीटर. पंक्चरच्या दुकानात जो मीटर असतो तो ट्रकच्या टायरसाठी असतो. त्यावर शंभराच्या पुढे आकडे, आणि आपल्याला हवे ते बारा-चौदा-सोळा सुरुवातीच्या दोन रेघांत कोंबलेले. त्यावर चौदा आणि अठरा वेगळे ओळखता आले तर डोळ्यांचं कौतुकच. मी कमी दाब मोजणारा, एकेका पीएसआयच्या खुणा असलेला वेगळा मीटर घेतला. आणि हवा मोजायची ती सकाळी, टायर थंड असताना. पंधरा पीएसआयच्या आसपास हवा असेल तर दहा अंश तापमान वाढलं की साधारण एक पीएसआय वाढतो, आणि रस्त्यावर ट्रॉली ओढून आल्यावर तर टायर स्वतःच तापलेला असतो. दुपारी मोजून जास्त वाटली म्हणून सोडली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती कमी भरणार.

हवा किती हवी हे टायरवर येणारं वजन आणि वेग यांवर ठरतं. हे सगळे म्हणतात, पण वजन करतो कोण? मी ट्रॅक्टर वजनकाट्यावर नेला. काट्यावरचा माणूस म्हणाला, "साहेब, गाडी तर रिकामी आहे, वजन कशाचं करताय?" त्याला सांगितलं, आधी फक्त मागची चाकं काट्यावर घेतो, मग फक्त पुढची, मग रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार) लावून उचललेल्या स्थितीत पुन्हा दोन्ही. त्याने खांदे उडवले आणि पावत्या फाडल्या.

पावत्या हातात आल्यावर डोक्यात प्रकाश पडला. रोटाव्हेटर साडेचारशे किलोच्या आत-बाहेर. पण तो उचलला तेव्हा मागच्या एक्सलवर, म्हणजे चाकांच्या आसावर, सहाशे किलोच्या वर भर पडली होती. साडेचारशेच्या वरचं वजन आलं पुढून. अवजार मागच्या चाकांच्याही मागे लोंबतं, त्यामुळे मागचा एक्सल टेकू होतो आणि पुढचं तोंड हलकं होतं. पुढच्या एक्सलची पावती तेवढीच कमी झालेली. बांधावर वळताना स्टिअरिंग फुकट फिरल्यासारखं का वाटतं, याचं उत्तर त्या कागदावर होतं. म्हणजे मागच्या टायरला सगळ्यात मोठा भार जमिनीत काम करताना येत नाही, तो अवजार उचलून रस्त्याने जाताना येतो, आणि तेव्हाच वेगही जास्त असतो.

टायर बनवणाऱ्या कंपन्या मापाप्रमाणे तक्ता देतात: एका टायरवर इतकं वजन, इतका वेग, तर इतकी हवा. एक्सलचं वजन निम्मं करून त्या तक्त्यात पाहिलं. माझ्या वजनाला शेतात १४ पीएसआय पुरेसे निघाले आणि ट्रॉलीच्या दिवसांत १८. पुढच्या टायरला ३०. हे आकडे माझ्या वजनाचे आहेत. कुणी ते उचलून आपल्या टायरमध्ये भरले तर काट्यावर जाण्याचा उद्योग वायाच जायचा.

जास्त हवेचं लोकांना भय नसतं. पंक्चरवाले काका नेहमी म्हणायचे, "दोन-चार पौंड जास्तच देतो, उतरते नंतर." जास्त हवेने टायर मध्यावर फुगतो, जमिनीला टेकणारा भाग आखूड आणि अरुंद होतो, नक्षी मधून झिजते, चाक जास्त फिरतं आणि पुढे कमी जातं. ओल्या रानात खोल चाकोऱ्या पडतात, आणि तिथली माती पुढच्या पिकाच्या मुळांना दगडासारखी लागते. कमी हवेने भिंत दर फेऱ्याला वाकते, आतून तापते, दोरा तुटतो, आणि वर सांगितलं तसं रिमवर सरकणं सुरू होतं. दोन्हींत नुकसान आहेच. कमी हवेचं लवकर दिसतं, म्हणून लोक जास्तीकडे झुकतात.

आता उघडायचं काम. जागा कडक आणि सपाट निवडली. जॅकखाली जाड फळी, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे, ट्रॅक्टर गिअरमध्ये. एक गोष्ट बरेच जण करत नाहीत. पुढचा एक्सल मध्यावरच्या एका पिनेवर झुलता असतो, त्यामुळे मागचं एक चाक उचललं की सगळा ट्रॅक्टर बाजूला कलंडू शकतो. म्हणून पुढच्या एक्सलच्या आणि वरच्या सांगाड्याच्या फटीत दोन्हीकडे लाकडी पाचर ठोकली. चाक उचलल्यावर मागच्या एक्सलखाली लाकडाचे ओंडके रचले आणि भार जॅकवरून ओंडक्यांवर आणला. जॅकवर उभ्या ट्रॅक्टरखाली हात घालायचा नाही, हे चुलतभावाला दोनदा सांगितलं. "दादा, पाच मिनिटांचं तर काम आहे," असं तो म्हणालाच.

चाक खाली काढलं नाही, एक्सलवरच राहू दिलं. गिअर न्यूट्रलला आणून, वॉल खाली येईल असं चाक फिरवून वॉलपिन (वॉलच्या आतली हवा अडवणारी पिन) काढली आणि अंदाज होता तसंच झालं: आत पाणी. तांबूस, वासाचं पाणी सुसाट बाहेर आलं आणि बराच वेळ येत राहिलं. १३.६-२८ च्या टायरमध्ये पाऊणभर पाणी म्हणजे दीडशे लिटरच्या वर, म्हणजे एका चाकात दीडशे किलोहून जास्त वजन. ते आत ठेवून ट्यूब ओढायला गेलो असतो तर कंबर गेली असती.

रिमवर बीड गंजाने चिकटलेला होता. इथे घण चालवायचा मोह होतो. बीडच्या आत पोलादी तारांची कडी असते. घणाच्या एका चुकीच्या घावाने ती वाकली किंवा तुटली की टायर संपला, मग नक्षी कितीही असो. साबणाचं पाणी कडेने सोडलं, थोडा वेळ मुरू दिलं, आणि रुंद तोंडाच्या टॉमीने (टायर उचकटायच्या लोखंडी पहारीने) थोडं थोडं सरकत सगळ्या गोलाईने दाबत आणलं. बाहेरची कड रिमवरून काढायची युक्ती मात्र जोराची नाही. रिमच्या मध्यभागी एक खोलगट नाळ असते. ज्या बाजूने टॉमी लावायची तिच्या बरोबर समोरची कड त्या नाळीत दाबून ठेवली की इकडे तेवढी सैल मिळते. चुलतभाऊ समोर गुडघ्याने कड दाबून उभा राहिला, आणि जी कड आधी रेसभर हलत नव्हती ती दोन टॉमींवर अलगद बाहेर आली. समोरची कड नाळीतून निसटली की पुन्हा जैसे थे.

ट्यूब ओढून काढण्याआधी वॉलच्या जागेची खूण टायरवर खडूने केली. ट्यूबवर भोक सापडलं तर टायरमध्ये कुठे शोधायचं हे त्या खुणेवरून कळतं. डाव्या ट्यूबच्या वॉलच्या बुडाशी अर्धचंद्राकृती चीर पडलेली होती, अजून आरपार नव्हती. ती ट्यूब गेली.

उजव्या चाकाचा त्रास वेगळा होता. तिथे हवा हळूहळू उतरायची. तीही ट्यूब काढली, थोडी फुगवून हौदात बुडवली, आणि एका जागेवरून बारीक बुडबुड्यांची एकच माळ वर येताना दिसली. खुणेवरून टायरमध्ये जागा शोधली. बाहेरून काहीच दिसेना. आतून आधी सुती फडकं फिरवलं आणि फडकं एका जागी अडलं. तिथे बोटाने चाचपलं तर बाभळीच्या काट्याचं टोक, तांदळाच्या कणीएवढं, रबराच्या वर आलेलं. बाहेरचा भाग कधीच मोडून गेला होता. चाकावर भार आला की तेवढं टोक ट्यूबला टोचायचं, भार गेला की मागे. पक्कडीने बाहेरच्या बाजूला ओढून काढायचा प्रयत्न फसला, शेवटी आतूनच दाभणाने उकरून काढलं. ते न काढता नुसतं ठिगळ लावलं असतं तर नव्या ठिगळाला आठवडाही मिळाला नसता. टायर आतून कधीही उघड्या हाताने सरसर चाचपू नये, आधी फडकं. तार किंवा पत्र्याचा तुकडा असेल तर बोट कापतं.

ठिगळ लावणं सगळ्यांना माहीत असतं, पण सगळ्यात जास्त बिघडतं ते घाईने. भोकाभोवती ठिगळापेक्षा थोडी मोठी जागा कानशीने खरवडली, रबराचा भुगा झटकला, सोल्युशनचा पातळ हात दिला आणि थांबलो. सोल्युशन ओलं असताना ठिगळ लावलं तर त्यातला उडणारा भाग आत कोंडतो आणि तिथे फुगा राहतो. बोटाची मागची बाजू टेकवून पाहायची: ओलं लागू नये, चिकट लागावं. मग ठिगळ मधून कडेकडे दाबत लावलं, वर हातोड्याच्या दांड्याने घोटलं. शेवटी त्यावर टाल्कम पावडर, नाहीतर ठिगळाच्या कडेचं उरलेलं सोल्युशन टायरला चिकटतं.

नवी ट्यूब घेताना माप तंतोतंत बघितलं. मोठी ट्यूब आत घडी पडून राहते आणि त्या घडीवर चिरते, लहान ट्यूब ताणून पातळ होते. टायर रेडियल असेल तर ट्यूबही रेडियलला चालणारी लागते, कारण रेडियलची भिंत जास्त लवचिक असते आणि ट्यूबला सारखं घासणं होतं. रिमच्या आत तारेच्या ब्रशने गंज काढला, पोपडे हाताने चाचपून बघितले, पोहोचलं तिथे रेड ऑक्साइड या गंज रोखणाऱ्या रंगाचा हात दिला. वॉलच्या भोकाची कड धारदार झाली होती, ती कानशीने गोल केली. मग टायरच्या आत पावडर टाकून, ट्यूब गोल होण्यापुरती हवा भरून, पीळ पडला नाही ना हे सगळ्या बाजूने बघून आत बसवली.

कड चढवून झाल्यावर हवा भरताना मात्र गंमत नाही. बीड रिमवर बसवायला काही लोक पन्नास-साठपर्यंत हवा चढवतात, "टक्" आवाज येईपर्यंत. शेतीच्या टायरला बीड बसवताना ३५ पीएसआयच्या वर जायचं नाही. तेवढ्यात बसला नाही तर सगळी हवा सोडायची, पुन्हा साबणाचं पाणी लावायचं, पुन्हा भरायची. बीडची तार तुटली किंवा रिम उसवली तर ते कुणाला मागे सरायला वेळ देत नाही. मी लांब नळी आणि वॉलला पकडून बसणारं क्लिपचं तोंड वापरलं, आणि भरताना टायरसमोर कुणी उभं राहणार नाही असं पाहिलं. भिंतीवर रिमजवळ एक बारीक उठावाची गोल रेघ असते. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली म्हणजे बीड सरळ बसला. एकदा बसल्यावर हवा पूर्ण सोडली आणि परत भरली, म्हणजे ट्यूबमधल्या घड्या सुटतात.

याच ओघात दोन गोष्टी, कारण त्यांत माणसं जातात. रिमला तडा गेला म्हणून टायर चढलेला असतानाच वेल्डिंग करणं, किंवा न सुटणारा नट गॅसने तापवणं. रिम तापली की आतलं रबर जळून त्यातून पेटणारा वायू तयार होतो आणि बंद जागेत त्याचा स्फोट होतो. हवा सोडलेली असली तरी होतो. वेल्डिंग करायचं तर टायर पूर्ण उतरवून. दुसरी गोष्ट ट्रॉलीच्या काही रिमला असणाऱ्या लॉक रिंगची, म्हणजे टायर रिमवर अडकवून धरणाऱ्या सुट्या लोखंडी कडीची. वॉलपिन काढून हवा पूर्ण गेल्याशिवाय रिंगला टॉमी लावायची नाही, आणि भरताना चाक आत ठेवायचा लोखंडी पिंजरा नसेल तर ते काम पिंजरा असलेल्या माणसाकडे न्यायचं. स्वतः करण्यात फुशारकी नाही.

पाणी पुन्हा भरायचं की नाही यावर मी बराच विचार केला. रोटाव्हेटरला मागच्या चाकांत पाण्याचा फारसा उपयोग नाही. त्याची पाती चाकाच्याच दिशेने फिरतात, त्यामुळे रोटाव्हेटर ट्रॅक्टरला उलट पुढे ढकलतो. पाण्याचं वजन लागतं ते नांगराला आणि कल्टिव्हेटरला, जिथे खरी ओढ असते. म्हणून चाक किती घसरतं ते मोजलं. मागच्या टायरवर खडूची खूण केली, नांगर जमिनीत असताना चाकाचे दहा फेरे मोजले, सुरुवातीला आणि शेवटी काठी रोवली. मग नांगर उचलून त्याच दोन काठ्यांमध्ये पुन्हा चालवला. रिकाम्या चाकाला तेवढं अंतर कापायला आठच फेरे लागले. म्हणजे दहातले दोन फेरे फुकट, वीस टक्के घसरण. टू व्हील ड्राइव्हला दहा ते पंधरा टक्के घसरण चालते, थोडी हवीही. अगदीच नसली तर ट्रॅक्टर उगीच जड वजन वाहून डिझेल जाळतोय असं समजावं. वीस मात्र जास्त.

म्हणून पाणी भरलं. वॉल बरोबर वरच्या टोकाला आणून, पाणी आत जाताना हवा बाहेर सोडणारं जोडतोंड लावून, उंचावरच्या टाकीतून नळीने. वॉलच्या पातळीला पाणी आलं की ते बाहेर यायला लागतं, तिथे थांबायचं. तेवढं झालं की टायर पाऊण भरला. पूर्ण भरायचा नाही, कारण पाणी दबत नाही, धक्का झेलायला वर हवेची जागा लागते. जिथे पाणी गोठतं तिथे लोक कॅल्शियम क्लोराइड मिसळतात. ते गळालं की रिमला भयंकर खातं, तशी थंडी नसेल तर साधं पाणी बरं. वर हवेची जागा कमी राहिल्याने थोडी गळती झाली तरी दाब झपाट्याने उतरतो, म्हणून पाण्याच्या टायरची हवा जास्त वेळा बघावी लागते. मोजताना वॉल वर ठेवायचा, आणि मोजून झालं की मीटर स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडा करायचा, नाहीतर तो वर्षभरात खोटं बोलायला लागतो. पाणी भरल्यावर पुन्हा काठ्या रोवल्या. दहा फेऱ्यांचं अंतर रिकामं जाताना साडेआठला थोडे जास्त. तिथेच थांबलो.

टायर पूर्ण उतरवून परत चढवला असेल तर नक्षीची दिशा बघून घ्यायची. ट्रॅक्टरच्या मागे उभं राहिलं की मागच्या टायरच्या नक्षीचं टोक वर दिसायला हवं. ओल्या मातीत उमटलेल्या ठशाची टोकं मग ट्रॅक्टर आला त्या बाजूला असतात, गेला त्या बाजूला नाही. उलट बसला तर माती नक्षीतून बाहेर पडण्याऐवजी मध्ये साचते आणि चाक गुळगुळीत होऊन घसरतं. चाक एक्सलवरून काढलं असेल तर नट समोरासमोरचे आवळायचे, आणि काही तास काम झाल्यावर पुन्हा पाना लावायचा. पहिल्या भाराने चाकाची डिस्क (मधली तबकडी) बसते आणि नट थोडे सैल पडतात.

शेतातल्या खुंटांचं दुखणं हवेने सुटत नाही. कपाशीची पऱ्हाटी किंवा मक्याची ताटं तिरकी कापली की ताजे खुंट भाल्यासारखे उभे राहतात, आणि ते नक्षीमधल्या पातळ रबरात घुसतात. ती कापणी जमिनीलगत करून घेणं, आणि चाकं ओळींच्या मधून जातील असं बघणं, एवढंच हातात आहे. डिझेल, ऑइल, ग्रीस टायरवर सांडलं तर लगेच साबणाने धुवायचं, ते रबर मऊ करून फुगवतं. काळं चमकवणारं पॉलिश मी लावत नाही. ट्रॉली आणि मळणी यंत्र महिनोन् महिने एका जागी उभं असतं, त्यांच्या एक्सलखाली ओंडके देऊन चाकं अधांतरी ठेवली आणि उन्हाच्या बाजूने जुन्या पोत्यांचा आडोसा केला. तसं जमत नसेल तर हवा पूर्ण ठेवून अधूनमधून चाक थोडं फिरवलं तरी एका जागी सपाट होत नाही. वेल्डिंग मशीन आणि विजेच्या मोटारी जिथे चालतात तिथे सुटे टायर ठेवत नाही, त्यांच्या ठिणग्यांनी तयार होणारा ओझोन रबराला तडे पाडतो.

राहिले पुढचे टायर. उजव्या टायरच्या बाहेरच्या रेघा झिजून गुळगुळीत, आतल्या जवळजवळ नव्या. बोट आडवं फिरवलं की एका दिशेला मऊ आणि उलट दिशेला धारदार लागायचं. हे हवेचं काम नाही, चाकांच्या रोखाचं आहे. पुढच्या दोन्ही टायरच्या मध्यावर एक्सलच्या उंचीला खडूने खूण केली, खुणा समोर असताना त्यांच्यातलं अंतर मोजलं, मग ट्रॅक्टर थोडा पुढे ढकलून त्याच खुणा मागे आल्यावर पुन्हा मोजलं. समोरचं अंतर मागच्यापेक्षा काही मिलिमीटर कमी असायला हवं, नेमका आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत असतो. माझं प्रमाणापेक्षा बरंच कमी निघालं. पुढची दोन चाकं जोडणारा टाय रॉड सैल करून ते पुस्तिकेप्रमाणे आणलं, आणि चाक वर उचलून दोन्ही हातांनी वर-खाली हलवून बेअरिंगचा खेळही बघून घेतला. बेअरिंग ठीक होतं.

तो झिजलेला टायर आता बदलायचा आहे. माझं म्हणणं, पुढचे दोन्ही एकदम बदलू, एका बाजूला उंच आणि एका बाजूला झिजलेला असला की स्टिअरिंग एकीकडे ओढत राहतं. चुलतभाऊ म्हणतो डावा अजून एक हंगाम सहज काढेल, आणि नक्षी मोजून दाखवतो. ती खरोखरच चांगली आहे, त्यामुळे नवा टायर एक येणार की दोन, हे अजून ठरलेलं नाही.